वाळवंटात गावपळण

माझ्या थोरल्या बहिणीला वाळवंट बघायचं होतं आणि ते तिला बघता येत नव्हतं, कारण रोज तिन्हीसांजेला तिला घरी दिवा लावायचा असायचा. अडचण एवढीच. ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही यायचं, पण त्या एवढ्याशा अडचणीपुढे मी कित्येक वर्षं डोकं आपटून घेतलं आहे.

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून जरा आत. आईवडिलांच्या मागे ते ताईने सांभाळलं. मी शिकले, सरकारी कचेरीत चिकटले, लग्न करून कुडाळला गेले. ताईने लग्न केलं नाही. "माका नको," एवढंच म्हणाली होती आणि पुन्हा विचारायची हिंमत आमच्या वडिलांनाही झाली नव्हती. एक गाय, डझनभर कोंबड्या, भाताचे चार कुणगे, उन्हाळ्यात काजू आणि आमसुलं, यात ती मजेत असते. तिला कुणी "बिचारी" म्हटलं की मला राग येतो आणि तिला हसू येतं. फक्त घर बंद राहता कामा नये आणि देवापुढचा दिवा चुकता कामा नये, हा वडिलांचा दंडक तिने असा काही उचलून धरला की ती कोल्हापूरच्या पुढे कधी गेली नाही. कोल्हापूरलाही गेली ती वडील होते तेव्हा.

मी उपाय सुचवून बघितले. आमचा चुलतभाऊ शेजारीच राहतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. मी म्हटलं, "दादा लावील की चार दिवस दिवा."

"तो?" ताई म्हणाली. "तेच्या घरातलो दिवो तरी कधी वेळेर लागता? आणि वात बघलंस काय तेची? चुलीतला लाकूड बरा."

"मग मी येऊन राहते घरी. तू जा."

"एकटी खंय जातलंय? तू वांगडा होयीस."

म्हणजे मी तिच्याबरोबर जायचं आणि त्याच वेळी घरीही थांबायचं. असं बोलणं झालं की मी तणतणत कुडाळची एसटी पकडायची, आणि घरी पोचेपर्यंत तिचा फोन आलेला असायचा, की पिशवीत दोन नारळ ठेवलेत ते बघितलेस का.

वाळवंटाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते माझ्यामुळेच. माझा जुना मोबाइल मी तिला दिला. त्यावर ती गायीच्या दुखण्याखुपण्याचे व्हिडिओ बघायची. असंच बघता बघता एक दिवस तिला माळढोक भेटला. राजस्थानात जैसलमेरजवळ वाळवंटाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला. उंच पक्षी, मान वर करून गवतातून एकेक पाऊल टाकत चाललेला. मी गेले तेव्हा तिने मला तो पाच वेळा दाखवला.

"चालणा बघ तेचा. सरपंच निवडून इल्यार असोच चलता मगे?" मग व्हिडिओ थांबवून ती म्हणाली, "पण माका तेच्या मागचा आवडला. मागे काय पण नाय. झाड नाय, घर नाय, गडगो नाय. नदर जाता तितकी जाता."

आमच्या अंगणात उभं राहिलं की दहा पावलांवर गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली भिंत. तिच्यामागे माड, माडांमागे फणस, आणि फणसामागे दादाचा गडगा. या दोन गडग्यांवरून दोन्ही घरांत जे झालं आहे ते मी इथे लिहीत नाही. नजर टाकायची म्हटली तरी कुठे टाकणार? मी तिला म्हटलं, "एवढा समुद्र आहे की आपल्याला. मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहा, बघ हवं तेवढं."

"समुद्रार चलूक येता?" ताईने विचारलं.

साठी उलटलेल्या बाईला, जिचे गुडघे आता जिना चढताना बोलू लागले आहेत, एकदा मोकळ्या जमिनीवर सरळ चालत जायचं आहे, यात तिने फार काही मागितलं होतं असंही नाही. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून त्या दिवशीही मी चिडूनच निघाले.

उपाय सापडला तो गावपळणीत.

आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्रामदैवताला कौल लावतात. देवाने हुकूम दिला की ठरल्या दिवशी सगळा गाव वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. कुठल्याही धर्माचं घर असो, कुणी मागे राहत नाही. तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणूस नाही, चूल नाही, दिवा नाही. सीमेपलीकडे माळरानावर, ओहोळाच्या काठाला झोपड्या बांधून लोक राहतात, एकत्र जेवतात, भजनं म्हणतात, पत्ते कुटतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देव 'या' म्हणाला तर परत, नाही तर आणखी एक मुक्काम.

मागच्या गावपळणीला मी सवयीप्रमाणे रजा टाकून गेले होते. तिन्हीसांज झाली तेव्हा ताई ओहोळात पाय सोडून बसली होती. मी मुद्दाम बघत राहिले. रोज त्या वेळेला तिची जी लगबग असते, हात धुवा, वाती काढा, तेल बघा, त्यातलं काही नव्हतं. देवानेच दिवा लावू नको म्हणून सांगितलेलं. शेजारच्या झोपडीतल्या बायकांनी फुगडीला ओढलं तर ही चक्क उठून गेली आणि पडेपर्यंत फुगडी घातली. पडल्यावर इतकी हसली, की मला ती परकर घालून चिंचा पाडायची ते दिवस आठवले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईला घर बंद करायला एका देवाशिवाय कुणीही सांगू शकत नव्हतं, आणि देव तर दर तीन-चार वर्षांनी नेमाने सांगत होता. आम्हीच त्याने दिलेली रजा ओहोळापलीकडे बसून संपवत होतो.

पुढची गावपळण या थंडीत होईल असा सगळ्यांचा अंदाज होता. मी नुकतीच निवृत्त झाले होते. नवऱ्याला "येतोस का" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या दोघींच्या मध्ये मी? वाळूत?" म्हणून गावी जाऊन ताईलाच विचारलं. ती कोकमाच्या बरण्या पुसत होती.

"देव रागावलो तर?" ती म्हणाली.

"देवच म्हणतो बाहेर जा. किती बाहेर, ते त्याने सांगितलेलं नाही."

तिने हातातली बरणी पुसून पुरी केली. बरण्या फळीवर ठेवल्या, गोठ्यात गेली, गाय दोहून आली, दूध तापत ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "थय थंडी किती आसता?"

बाई तयार झाली होती.

त्या दिवसापासून माझी वही सुरू झाली. मला याद्या करायला आवडतं. नोकरीभर दुसऱ्यांच्या याद्या केल्या, ही पहिली माझी. वाळवंट बघायला थंडीचेच दिवस चांगले, हे जमणारं होतं. उद्यानात जायला जैसलमेरला वनखात्याच्या कचेरीतून परवाना काढावा लागतो, तो राहण्याच्या घराचा मालक काढून देणार होता. आगगाडीने जायचं तर जाण्यातच दोन दिवस जातात आणि येण्यात दोन, म्हणजे गाडी बाद. गोव्यात मोपाला विमानतळ झाल्यापासून विमान आम्हाला जवळ पडतं. पहिल्या दिवशी दुपारी गावाबाहेर पडायचं, रात्र सीमेपलीकडे काढायची, दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान, मध्ये एकदा बदलायचं, दुपारी जैसलमेर. तिसरा दिवस उद्यानात. चौथ्या दिवशी सकाळच्या विमानाने परत, कारण चौथ्या दिवशी गाव भरणार आणि तिन्हीसांजेला ताईचा हात दिव्याला लागला पाहिजे. ही तिची अट होती आणि ती तिने मला तीनदा वदवून घेतली. जरा उशीर झाला तरी चालेल का, असं मी विचारलंही नाही.

सगळं वहीत चोख बसलं. फक्त एका रकान्यात काही लिहिता येईना. तारीख.

राहण्याच्या घराच्या मालकाला मी फोन केला. उद्यानाच्या कडेला एका वस्तीत त्याची मातीची दोन-तीन घरं आहेत, पाहुण्यांसाठी. माझं हिंदी कचेरीतलं, म्हणजे निम्मं मराठी.

"मैडम, कौन सी तारीख को आओगे?"

"तारीख अभी नक्की नहीं है. हमारा देव बताएगा."

मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. मग तो म्हणाला, "कब बताएंगे?"

"वो भी देव ही बताएगा."

मी त्याला गावपळण समजावून सांगितली. ती हिंदीत सांगणं किती कठीण आहे ते सांगितल्याशिवाय कळायचं नाही. पण त्या माणसाला सगळं समजलं. म्हणाला, हमारे यहाँ बारिश भी तारीख नहीं देती, आप आराम से आओ. त्यानंतर दर रविवारी सकाळी त्याचाच फोन यायला लागला. "देवजी ने कुछ कहा क्या?" आमच्या सोसायटीतल्या लोकांपेक्षा त्यालाच जास्त काळजी.

दरम्यान थंडीची तयारी. सिंधुदुर्गात थंडी म्हणजे काय, सकाळी आंघोळीला पाणी जरा जास्त तापवायचं, संपलं. ताईने जन्मात स्वेटर घातला नव्हता. जवळच्या कट्टा गावच्या बाजारात मी दोन दुकानांत विचारलं, तर एकाने मला छत्री दाखवली. शेवटी कुडाळला फिरते स्वेटरवाले बसले होते, त्यांच्याकडून तिच्यासाठी लाल स्वेटर आणला. तो घालून ती अंगणात आली आणि कोंबड्या पळाल्या. ती म्हणाली, "बघ, आपली म्हणान वळखूक येयना तेंका." घामाघूम होऊन तिने तो काढला आणि घडी करून असा ठेवला की जणू पैठणी. दुसऱ्या दिवशी शेजारणीला दाखवायला पुन्हा काढला.

खाण्यावरून आमचं भांडण झालं. तिला उकडे तांदूळ न्यायचे होते, कारण बाजरीची भाकरी मानवली नाही तर काय. तिला आमसुलं न्यायची होती, कारण वाळवंटात तहान लागते. तिथपर्यंत मी ऐकून घेतलं. पण तिने सुक्या बांगड्याची पुडी काढली तेव्हा माझा तोल गेला. "विमानातून तुला आणि मला दोघींना खाली उतरवतील," मी म्हटलं. "आणि तो मालक शुद्ध शाकाहारी असेल." तिने पुडी परत ठेवली. पण पुढे तासभर माझ्याशी बोलली नाही.

आणि मग कौल.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. देव "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू" असंही म्हणू शकतो. एक वर्ष म्हणजे काय, असं तरुणांना वाटेल. मला ताईचे गुडघे दिसत होते. दादा गावच्या मानकऱ्यांपैकी एक. आदल्या दिवशी मी त्याला जरा बाजूला घेऊन विचारलं, साधारण काय होईल. तो असा काही माझ्याकडे बघायला लागला. "देवाक काय मी चिठी देवन ठेवू?" म्हणाला. ते बरोबरच होतं, पण त्याने तोंड करून सांगायची गरज नव्हती.

देवळात सगळे जमले. देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली तर हुकूम. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पाकळी हलेना. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटत होती. मीही पुटपुटत होते, पण काय ते सांगायची लाज वाटते. मी देवाला विमानांच्या वेळा सांगत होते. मग उजवीकडची पाकळी घरंगळली. लोकांनी हात जोडले, ढोल वाजला. मला रडू आलं आणि ते भक्तीचं आहे असं सगळ्यांना वाटलं. गावपळण बारा दिवसांवर ठरली.

ताई देवळात आली नव्हती. गायीला बरं नाही म्हणाली होती. मी धावत घरी गेले, तर गाय टुणटुणीत आणि ताईने माळ्यावरची बॅग काढून, झटकून, ओसरीवर उन्हात ठेवलेली. म्हणजे हिला ढोल ऐकू आला होता. आम्ही दोघी नुसत्या हसत सुटलो.

मला वाटलं, आता काही उरलं नाही. पण गावात बातमी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी दादा आला. गडग्यापलीकडूनच त्याने हाक मारली.

"ताय, ह्या बरोबर नाय. गावपळणीत विमानान जातत?"

"कशाक नाय?" ताईऐवजी मीच विचारलं. "एसटीने गेलेलं चालतं. रिक्षाने चालतं."

"एसटी सीमेभायर जाता. विमान वरसून जातला. गावावरसून गेला तर? गाव रिकामी आणि तुमी गावात. वर असलात म्हणान काय झाला?"

हसू नका. त्याने हे अगदी मनापासून विचारलं होतं आणि ताईचा चेहरा उतरला होता. आकाश गावाच्या सीमेत धरायचं की नाही हा प्रश्न आमच्या वाडवडिलांना कधी पडलाच नव्हता, त्यामुळे त्याचा निवाडाही कुठे नव्हता. मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला, की विमान मोपाहून निघतं आणि आपला गाव त्याच्या वाटेत कसा येत नाही. दादा म्हणाला, वाऱ्यान वाट बदलली तर? शेवटी हे प्रकरण देवळाच्या पायरीवर गेलं. सगळ्यांत वयस्क मानकऱ्यांनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही.

"देवान पाय भायर काडूक सांगल्यान," ते म्हणाले. "विमानात बसल्यार पाय खंय टेकतत?"

"खंयच नाय," मी म्हटलं.

"मगे झाला."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण दोन दिवसांनी त्यानेच ताईला आपली कानटोपी आणून दिली. तो एकदा मुंबईहून कुठेतरी थंडीत गेला होता, तेव्हाची. कितीही झालं तरी रक्ताचा माणूस.

राहता राहिली गाय. सीमेपलीकडे लगेचच एका निवृत्त शिक्षिकेचं घर आहे. ख्रिस्ती बाई, दोन्ही मुलं गोव्यात नोकरीला. सगळा गाव त्यांना टीचर म्हणतो. आमची झोपडी दर वेळी त्यांच्याच कुणग्यात असते. त्या म्हणाल्या, "गायक माझ्या पडवीत बांद. कोंबडे पण हाड. आणि माका थयसून फोटो धाड." ताईने त्यांना गायीचा स्वभाव अर्धा तास सांगितला. टीचरनी तो वर्गातल्यासारखा लिहून घेतला.

गावपळणीच्या दिवशी दुपारी ढोल वाजला आणि गाव निघाला. डोक्यावर पातेली, काखेत कोंबड्या, टेंपोत म्हातारी माणसं. त्या गर्दीत ताई एका हातात गायीचं दावं आणि दुसऱ्या हातात चाकांची बॅग घेऊन चालत होती. लोक तिला हाका मारत होते, "गो, उंटार बसून ये!" ती लाजत होती. घराचं दार ओढून घेताना तिने आत एकदा वळून बघितलं, पण थांबली नाही.

विमानात तिला खिडकी दिली. उजाडलं होतं. मी म्हटलं, खाली बघ, आपला किनारा दिसेल. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

"बघूचा नाय. गाव रिकामी आसा," ती म्हणाली. "देवाक एकट्याक रवूंदे."

डोळे उघडले ते मी सांगितल्यावर, ढगांच्या वर.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्या एकुलत्या एका दिवशी, आम्ही जीपने उद्यानात फिरलो. वाळूचे डोंगर असतील असं मला वाटलं होतं. तिथे बहुतेक गवत होतं, कमरेएवढं, वाळलेलं, आणि दूरपर्यंत सपाट जमीन. चिंकारा दिसले. एक कोल्हा आमच्याकडे बघून कंटाळून निघून गेला. माळढोक काही दिसला नाही. मी वैतागले, जीपवाल्याला दहादा विचारलं. ताईला मात्र त्याचं काही नव्हतं. तिने गवताची एक काडी चावून बघितली आणि जीपवाल्याला मालवणीत विचारलं की ह्या गवत गोरवांक घालतत काय. त्याला ते कळलं. संध्याकाळी मालकाची बायको आणि ती गोठ्यात उभ्या राहून बोलत होत्या, एक मारवाडीत, एक मालवणीत, आणि गायीच्या सडांबद्दल दोघींचं एकमत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बॅगा बांधून आम्ही चहा पीत होतो, तेव्हा दादाचा फोन आला. कौल डावा पडला होता. गाव आणखी एक दिवस बाहेर.

मी कपाळाला हात लावला. म्हणजे आज गेलो तरी घरी जाता येणार नव्हतं, टीचरच्या पडवीत गायीशेजारी झोपायचं. ताईने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग तिने शांतपणे स्वेटर पुन्हा अंगात चढवला.

"मगे हयच रवया," ती म्हणाली. "देवान रजा वाढवल्यान."

तिकिटं बदलायला मी वस्तीतल्या एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे नीट रेंज येते तिथे तासभर उभी होते. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा नव्हती, त्याच्या पुढच्या दिवशीची मिळाली. मी हे ताईला भीत भीत सांगितलं, कारण उद्या कौल उजवा पडला तर उद्या तिन्हीसांजेला आमच्याच घरात अंधार. ती एवढंच म्हणाली, जीपवाल्याला बोलाव.

आणि त्या वाढीव दिवशी माळढोक दिसला. एकदम नाही, आधी गवतात काहीतरी काळंपांढरं हललं, मग मान वर आली, मग तो निघाला, अगदी व्हिडिओतल्यासारखा, सावकाश. जीपवाला हळूच म्हणाला, गोडावण, हे त्याचं तिकडचं नाव. फार थोडे उरलेत म्हणाला. ताईने माझा हात धरला होता आणि तिची बोटं माझ्या हातात रुतत होती. मला दुखत होतं आणि मी इतकी खूश होते की मी ते सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी कुठे जायचं नव्हतं. दुपार कलल्यावर ताई म्हणाली, जरा चालून येते. वस्तीमागे नुसता माळ होता. ती निघाली, लाल स्वेटर, दादाची कानटोपी, आणि सरळ चालत राहिली. वळण नाही, वाट नाही. मी टाकीजवळ बसून बघत होते. तिला कसलंच कुंपण आड आलं नाही. ती लहान लहान होत गेली.

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"कौल दिल्यान! गाव इलो परत. सगळी घरी गेली. तायक दी फोन. तिन्हीसांज जातली, तुमचा घर काळोखात आसा. चावी खंय ती इचार, दिवो कसो लावूचो ता इचार."

मी वर बघितलं. ताई एवढीशी दिसत होती. हाक मारली असती तर वाऱ्यावर गेली असती तिच्यापर्यंत, आणि ती वळली असती. आयुष्यभर असंच झालं होतं. घरातलं काहीही आलं की आम्ही सगळ्यांनी ताईला हाक मारायची, आणि तिने हातातलं टाकून यायचं. मी शिकले, फिरले, संसार केला, तो ती मागे वळत होती म्हणून.

"चावी टीचरकडे आहे," मी म्हटलं. "तेल देवघराच्या कोनाड्यात. तूच लाव."

"गो, तायक इचार तरी."

"नाही विचारणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ती परत आली तेव्हा सूर्य टेकला होता. तिचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता. माझ्याकडे बघून तिने ओळखलंच. "कोणाचो फोन?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज उगाचच चढला, जसा चूक केल्यावर चढतो. ती ऐकत राहिली. मी घड्याळाकडे बघितलं. आता दादा दिवा लावत असेल. मी वाट बघत होते की ती रागावेल.

"वात मोठी ठेवतलो तो," ती म्हणाली. मग कानटोपी काढत, "जळांदे."

ती माझ्या शेजारी टाकीच्या कट्ट्यावर बसली. चपला काढून तिने त्यातली वाळू झटकली. समोर जमीन होती, आणि जमिनीच्या शेवटी लाल आभाळ.

"गो, पुढच्या थंडीत खंय जावया?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी गावपळण नाही, ताई."

"माका ठावक आसा," ती म्हणाली.